जुन्या बंदुकांचा जीर्णोद्धार

कोल्हापुरास येणारा पाहुणा अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्यावर वारा खातो आणि तिसऱ्या प्रहरीं नव्या राजवाड्याकडे वळतो. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणें १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेल्या या वाड्याच्या एका भागांत आज शहाजी छत्रपति संग्रहालय आहे. पेंढा भरलेलीं जनावरें, शिकारीचीं छायाचित्रें, तरवारी, भाले आणि बंदुका यांची तेथें मांडणी केलेली आहे. गेल्या हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी तेथें गेलों असतां एका चौकस मुलानें मला विचारलें, “सर, जुन्या दुनळी बंदुका ज्या कारखान्यांत तयार झाल्या, त्याच कारखान्यांत पाठवून पुन्हां नव्यासारख्या करून आणल्या, तर त्यांची किंमत वाढेल कीं उतरेल?”

मी शिकारी नव्हें आणि व्यापारीही नव्हें. इतिहास शिकविणें हा माझा धंदा. तथापि त्या प्रश्नाचें उत्तर मला तेथल्या तेथें देववलें नाहीं, कारण याच प्रश्नाचें उतावळें उत्तर देऊन आमच्या घरांतील एका बंदुकीचा आम्हीं घात करून घेतला होता. ती हकीकत पुढें येईलच. पण प्रश्न एका घराचा नाहीं. कोल्हापूरच्या परिसरांत सरदार, इनामदार, पाटील, जुने वकील अशा कितीतरी कुटुंबांत आजोबांची दुनळी अजून कपाटांत आहे. आणि तिचें काय करावें, हा विचार त्या घरांतील नव्या पिढीस आज ना उद्यां करावाच लागणार आहे.

प्रथम या बंदुका आपल्याकडे आल्या कशा, तें पाहूं. बंदूक ही वस्तु मराठ्यांस नवी नव्हती. तोड्याच्या बंदुका आपल्या गडांवर पिढ्यान् पिढ्या वाजल्या आहेत. परंतु ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरांत सत्ताविसाव्या पलटणीनें उठाव केला, आणि त्या धामधुमींत दक्षिण महाराष्ट्रांतील लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचें सत्र इंग्रजांनीं सुरू केलें. हलगलीचे बेरड त्या हुकुमाविरुद्धच उठले आणि नरगुंदच्या उठावाच्या कारणांतही तो हुकूम होता. पुढें १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा हिंदी प्रजेस गुन्हा ठरला. युरोपियनांस त्यांतून सूट होती. अशा रीतीनें, जी वस्तु एके काळीं शिलेदाराच्या खांद्यावरची होती, ती सरकारच्या मेहेरबानीची खूण होऊन बसली. ज्या घरांत परवान्याची विलायती बंदूक, तें घर प्रतिष्ठित. आपल्याकडील या बंदुकांच्या मोलांत ही एक गोष्ट पहिल्यापासून मिसळलेली आहे, आणि ती कोणत्याही कारखान्याच्या किंमतपत्रकांत सांपडणार नाहीं.

त्यांत कोल्हापूरचें संस्थान शिकारीच्या नादाचें. १८९४ ते १९२२ पर्यंत राज्य करणारे शाहू महाराज आणि त्यांच्या मागून १९४० पर्यंत गादीवर असलेले राजाराम महाराज हे दोघेही नामांकित शिकारी. काळविटांच्या शिकारीसाठीं कोल्हापुरास चित्ते पाळीत. आपल्याकडील चित्ते दुर्मिळ होऊं लागले तेव्हां ते आफ्रिकेंतून आणविले गेले. दाजीपूरचें जंगल ही दरबारची राखीव शिकारीची जागा. गव्यास व वाघास रायफल लागे. पण तित्तिर, लावे, हरोळे, ससे यांच्यासाठीं छऱ्याची दुनळीच हवी. तींतही बारा बोरची दुनळी सर्वांत लोकप्रिय. बोर म्हणजे काय, तें एका वाक्यांत सांगतां येतें. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोरच्या नळीचा व्यास, हा सुमारें.७२९ इंच भरतो.

या दुनळीचें माहेर इंग्लंड. १८३५ सालीं वारलेल्या लंडनच्या जोसेफ मँटननें तिला तिचें घाटदार रूप दिलें. त्याच्या हाताखालीं काम केलेल्या जेम्स पर्डीनें १८१४ सालीं स्वतःचें दुकान थाटलें. हॉलंडचें घराणें १८३५ चें, बर्मिंगहॅमचें वेस्टली रिचर्ड्स १८१२ चें. वेस्टली रिचर्ड्सच्याच अँसन आणि डीली या दोघांनीं १८७५ सालीं बाहेर घोडे नसलेली, आंतल्या आंत चाप चढणारी सुटसुटीत रचना काढली आणि चांगली बंदूक मध्यम ऐपतीच्या माणसाच्या आटोक्यांत आली. १८९१ सालीं मुंबईंत आर्मी अँड नेव्हीचें दुकान उघडलें. कलकत्त्यास मँटन आणि कंपनी होतीच. तिच्या नांवाखालीं विकलेल्या पुष्कळशा बंदुका पुढें पुढें बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं केलेल्या असत. म्हणून आपल्याकडे एखाद्या नळीवर ‘मँटन’ असें वाचून कोणी एकदम हुरळून जाऊं नये. तो मँटन लंडनचा कीं कलकत्त्याचा, हें आधीं पाहावें.

आतां जीर्णोद्धार म्हणजे कारखाना नेमकें काय करतो, तें पाहूं. किंमतीचें सारें रहस्य तेथेंच आहे. एका चांगल्या दुनळीचीं तीन अंगें असतात: नळ्या, त्यांच्या मागचा पोलादी सांगाडा आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता.

नळ्यांचा काळा रंग हा लावलेला रंग नसून तो मुद्दाम आणविलेला आणि आंवरलेला गंज आहे. नळीवर द्रावण पुसून ती दमट जागेंत ठेवितात, चढलेला तांबूस गंज उकळत्या पाण्यानें काळा करतात, तारेच्या कुंचल्यानें घासतात आणि पुन्हां तेंच. असें अनेक दिवस चालतें. हें काम दुसऱ्यांदा करावयाचें तर आधींचे ओरखडे व खळगे कानशीनें आणि पॉलिशनें काढावे लागतात, म्हणजेच थोडें पोलाद जातें. आंतून गंजाचे खड्डे पडले असतील तर नळी आंतूनही घासावी लागते आणि ती रुंदावते. आपल्या बायकांस ही गोष्ट समजावून सांगावयास नको. साजास उजळा दिला कीं तो झळकतो खरा, पण प्रत्येक उजळ्यागणिक सोनें थोडें झिजतें. फरक इतकाच, कीं साज झिजल्यानें गळ्यास इजा होत नाहीं; नळी झिजली तर ती हातांत फुटूं शकते. यासाठींच इंग्लंडांत प्रत्येक नळींत नेहमींपेक्षां जबर बार भरून तिची परीक्षा घेतात व तसा ठसा मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. नळी ठराविक मर्यादेपलीकडे रुंद झाली कीं जुना ठसा व्यर्थ होतो आणि पुन्हां परीक्षा झाल्यावांचून ती बंदूक तेथें विकतां येत नाहीं.

सांगाड्याचें काम याहून नाजूक. हाडांचा आणि चामड्याचा कोळसा भरलेल्या लोखंडी पेटींत तो ठेवून पेटी लाल होईपर्यंत तापवितात आणि मग तो एकदम पाण्यांत टाकतात. पृष्ठभाग कठीण होतो आणि त्यावर निळ्या, तपकिरी, राखी रंगांचे ढग उमटतात. हे रंग हाताळण्यानें हळूहळू उडून जातात आणि खालचें रुपेरी पोलाद दिसूं लागतें. रंग पुन्हां आणावयाचे तर सांगाडा पुन्हां भट्टींत घालावा लागतो. तो केसभर वांकला तरी नळ्या त्यावर पूर्ववत् बसत नाहींत. मूळ कारागिरानें तो सांधा दिव्याची काजळी लावून, जेथें डाग उमटेल तेथें कानस फिरवून, धीरानें बसविलेला असतो. दस्त्याचें तसेंच. लाकूड खरवडून पुन्हां तेल पाजलें कीं तें सुंदर दिसतें, पण धातूच्या कडेशीं पूर्वीं समपातळींत असलेलें लाकूड आतां खालीं बसतें. जाणत्याचा अंगठा ही पायरी अंधारांतही ओळखतो.

कारखाना हें सर्व उत्तम करूं शकतो, कारण त्याच्यापाशीं मूळ मापें, मूळ रीत आणि त्याच परंपरेंत वाढलेले कारागीर असतात. नळ्या निकामी झाल्या असतील तर तोच कारखाना नव्या नळ्या करून देतो व आपल्या वहींत नोंद करतो. याउलट कांहीं कारागीर जुन्या नळ्या मुळाशीं कापून त्यांत नव्या नळ्या घुसवितात. इंग्लंडांत अशा नळ्यांवर तसें स्पष्ट लिहावें लागतें, आणि तें लिहिलेलें दिसलें कीं संग्राहक पाठ फिरवितो, जरी बंदूक वापरावयास उत्तम असली तरी.

मग किंमत वाढते कीं उतरते? येथें इंग्रज आणि अमेरिकन या दोन वृत्तींत अंतर दिसतें. इंग्रज शिकाऱ्याच्या दृष्टीनें बंदूक ही हंगामांत वापरावयाची वस्तु. हंगाम संपला कीं ती साफसफाईस कारखान्याकडे द्यावयाची ही तेथील जुनी चाल. त्यामुळें मूळ कारखान्यानेंच केलेल्या नव्या नळ्यांस तेथें फारसें कमी लेखीत नाहींत; झिजलेल्या मूळ नळ्यांपेक्षां त्या पुष्कळदां बऱ्याच मानल्या जातात. अमेरिकेंत संग्राहकांचा पंथ निराळा. तेथें पार्कर ब्रदर्सच्या दुनळ्यांस मोठा मान. तो कारखाना १९३४ सालीं रेमिंग्टननें विकत घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या दुनळ्यांची निर्मिति थांबली. अशा बंदुकीवर मूळचे रंगाचे ढग शेंकडा किती उरले आहेत, याचें मोजमाप संग्राहक डोळ्यांत तेल घालून करतात. सांगाड्याच्या आडबाजूंस मूळचा रंग थोडासा उरलेली बंदूक ही सर्वांगीं पुन्हां रंगविलेल्या बंदुकीपेक्षां त्यांस अधिक मोलाची वाटते, मग तें रंगविणें खुद्द कारखान्याचें कां असेना. विंचेस्टरच्या ज्या जुन्या वह्या वायोमिंगमधील कोडी गांवच्या संग्रहालयांत जपल्या आहेत, त्यांत कारखान्यांत परत येऊन दुरुस्त झालेल्या बंदुकांपुढें ‘आर अँड आर’ अशीं दोन अक्षरें आढळतात. तीं दिसलीं कीं संग्राहक सावध होतो, आणि कागदोपत्रीं नोंद आहे म्हणून थोडा आश्वस्तही होतो.

या दोन वृत्तींचा मेळ घातला तर एक प्रकारची उतरंड लागते. जिला कोणीं हात लावला नाहीं आणि जी तरीही चांगली राहिली, ती बंदूक सर्वांच्या वर. तिच्या खालीं प्रामाणिकपणें वापरलेली व झिजलेली. त्यानंतर मूळ कारखान्यानें दुरुस्त केलेली, आणि तिच्यासोबत काय केलें व केव्हां केलें याचा कागद असलेली. त्याखालीं, कोणीं दुरुस्त केली हें ठाऊक नसलेली. आणि सर्वांत तळाशीं, अडाण्यानें चकचकीत केलेली. फक्त एका प्रसंगीं कारखान्याचा जीर्णोद्धार निःसंशय किंमत वाढवितो: बंदूक मूळचीच फार उंची असून अगदीं मोडकळीस आली असेल तेव्हां. साधारण प्रतीच्या बंदुकीच्या बाबतींत जीर्णोद्धाराचा खर्चच बहुधा बंदुकीच्या किंमतीपेक्षां अधिक होतो.

ही उतरंड प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. नव्यासारखी वस्तु जुनाट वस्तूपेक्षां स्वस्त कशी? परंतु आपल्याच व्यवहारांत याचीं उदाहरणें आहेत. तांब्याची शिवराई चिंचेनें घांसून लख्ख केली कीं नाण्यांचा जाणकार ती बाजूस सारतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेच्या ब्राँझच्या मूर्तीस कोणी राख लावून घांसूं म्हणेल काय? उलट देव्हाऱ्यांतील मूर्तीचा न्याय निराळा. खंडित मूर्ति पूजेस चालत नाहीं. तिचा जीर्णोद्धार हें पुण्यकर्म. २०१५ सालीं अंबाबाईच्या मूर्तीचें रासायनिक संवर्धन पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनीं केलें, तेव्हां शहरांत जो वाद झाला, त्याच्या मुळाशीं हीच दोन टोकें होतीं: मूर्ति ही पूजेची कीं साक्षीची? बंदुकीचेंही तेंच. जी वाजवावयाची आहे, तिची दुरुस्ति करणें हें कर्तव्य. न केल्यास अपघात. जी साक्ष म्हणून ठेवावयाची आहे, तिच्या अंगावरील झीज हीच तिची जबानी. कारखाना सर्वांत जाणता दुरुस्त करणारा असेल. पण तो झाला तरी साक्षीदाराची जबानी पुन्हां लिहिणाराच.

आणि ही जबानी आपल्याकडे अधिकच महत्त्वाची आहे. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९५८ सालीं दाजीपूरचें शिकारीचें रान गव्यांचें अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा खेळच संपला. या पंचवीस वर्षांत देशांतील अनेक संस्थानिकांच्या बंदुका परदेशीं गेल्या. तेथील जुन्या कारखान्यांच्या वह्यांत बंदुकीच्या अंकापुढें ती कोणासाठीं केली, नळीची लांबी किती, दस्त्याचें माप काय, अशा नोंदी असतात. एखाद्या महाराजांचें नांव तेथें निघालें कीं किंमत चढते. परंतु वही फक्त जन्माची साक्ष देते. पुढें ती बंदूक कोणत्या पावसांत भिजली, कोणत्या खांद्यावर दस्त्याची कड गुळगुळीत झाली, कोणत्या गांवच्या सुतारानें फुटक्या दस्त्यास पितळेची पट्टी मारली, हें वहींत नसतें. तें बंदुकीवरच लिहिलेलें असतें, आणि नव्या झिलईबरोबर प्रथम तेंच जातें.

आतां आमच्या घरची हकीकत. माझे चुलते, ज्यांस आम्ही आबा म्हणत असूं, राधानगरीकडील आमच्या गांवीं शेती पाहत. त्यांची बर्मिंगहॅमची बारा बोरची दुनळी पिकाच्या राखणीच्या परवान्यावर होती. गव्या-डुकरांनीं ऊस लोळविला कीं आबा रात्रीं माळ्यावर बसत आणि हवेंत एक बार काढीत. दरेक निवडणुकीस ती पोलीसठाण्यांत जमा होई आणि परत येई. त्या येण्याजाण्यांत तिच्या नळीवर एक लांब ओरखडा पडला होता. आबा तो ओरखडा दाखवून, “ही आमदारकीची खूण,” असें म्हणत. दस्त्यावर जेथें त्यांचा गाल टेके तेथें लाकूड काळें पडलें होतें. आबा गेल्यावर परवाना चुलतभावाच्या नांवें करावयाचा होता. बंदूक विकावी असा विचार निघाला आणि विकण्यापूर्वीं ती ‘नवी’ करावी असें मींच सुचविलें. शिकलेला माणूस म्हणून माझ्या शब्दास घरांत मान होता, हें दुर्दैव. आम्हीं ती एका कारागिराकडे दिली. महिन्याभरांत ती आरशासारखी काळीभोर होऊन आली. ओरखडा गेला, काळा डाग गेला, आणि नळीवरील कोरलेलीं अक्षरेंही अर्धीं पुसट झालीं. पुढील पावसाळ्यांत दोन नळ्यांच्या मधली पट्टी सुटूं लागली. मागाहून कळलें, कीं जुन्या दुनळीची ती पट्टी कथलाच्या डाखानें जोडलेली असते आणि हल्लींच्या झटपट काळ्या रंगाचें उकळतें दाहक द्रावण तो डाखच खाऊन टाकतें. म्हणूनच चांगले कारखाने अजून तो गंजाचा सावकाश मार्ग सोडीत नाहींत.

एका जाणत्या परवानेदार व्यापाऱ्यानें ती हातांत घेतली, पुसट अक्षरांवरून अंगठा फिरविला आणि परत टेबलावर ठेविली. तो म्हणाला, “साहेब, ही आतां बर्मिंगहॅमचीही राहिली नाहीं आणि तुमच्या आबांचीही राहिली नाहीं.” त्यानें सांगितलेल्या किंमतीचें मला दुःख झालें नाहीं. घरीं परततांना काकूंनीं बंदूक मांडीवर घेतली आणि गालाचा तो काळा डाग त्या बोटांनीं शोधीत राहिल्या, त्याचें झालें.

ज्यांच्या घरीं अशी बंदूक आहे, त्यांनीं म्हणून कायदा आधीं समजून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात, आणि वारसाहक्कानें आलेल्या बंदुकांसही ही मर्यादा लागू आहे. दुसरी गोष्ट, १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें ऐतिहासिक महत्त्वाची जी वस्तु शंभर वर्षांहून कमी वयाची नाहीं, ती खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजीं निवर्तले. म्हणजे त्यांच्या कारकीर्दींत या संस्थानांत आलेली प्रत्येक बंदूक आज शंभरी ओलांडून गेली आहे. तिला ऐतिहासिक महत्त्व असेल, तर लंडनच्या कारखान्याची वाट तिच्यापुरती बंद झाली असेंच समजावें. एका अर्थीं कायद्यानें आमच्यासारख्यांचा मोह आंवरला आहे!

तिसरी गोष्ट कायद्याची नसून शहाणपणाची. गंज वाढूं देऊं नये. आमच्या पावसाळ्यांत हलकें तेल व कोरडें फडकें एवढें पुरे. चामड्याच्या पेटींत बंदूक बंद करून ठेवूं नये, चामडें ओल धरतें. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेली दमास्कस नळी समजावी. ती काळी करूं नये आणि आजच्या काडतुसानें वाजवूंही नये. आणि जी बंदूक वाजवावयाची नाहीं, तिची फक्त राखण करावी. तिला तरुण करूं नये. तिच्यासोबत एक कागद मात्र अवश्य ठेवावा: कोणाची, कोठून आली, कोणता ओरखडा कशाचा. कारखान्याच्या वहींत जन्म आहे. आयुष्य आपणच लिहून ठेविलें पाहिजे.

त्या विद्यार्थ्यास मी नंतर वर्गांत उत्तर दिलें तें इतकेंच: कारखाना बंदूक पुन्हां नवी करूं शकेल, पण एकदां नवी केलेली बंदूक पुन्हां जुनी करून देणारा कारखाना जगांत कोठेंही नाहीं. आमची दुनळी अजून विकलेली नाहीं. पट्टी सुटलेली, अक्षरें पुसलेलीं, अशी ती गांवच्या घरीं कपाटांत उभी आहे. आणि तिच्या परवान्याच्या पाकिटांत आबांच्या ओरखड्याची हकीकत मीं माझ्या हातानें लिहून ठेविली आहे.